नभश्चरांची छत्तीस नंबरची दाढ

...आणि वर मलाच म्हणतात, डॉक्टर, तुम्ही फार बोलता! आता तुम्हीच सांगा, दातांच्या डॉक्टरानं नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? पेशंटनं? त्याच्या तोंडात आरसा, लाळ ओढायची नळी, कापसाचे दोन बोळे आणि माझी तीन बोटं! तो काय बोलणार? 'आँ' म्हणतो. फार तर 'आँ आँ'. मग एवढ्या मोठ्या शांततेचं करायचं काय माणसानं? दुसरे डॉक्टर रेडिओ लावतात. मी पुस्तकांबद्दल बोलतो. हुगळीकाठच्या चंदननगरात लक्ष्मीगंज बाजाराच्या तोंडाशी चोवीस वर्षं दवाखाना आहे माझा, डॉक्टर शशांकशेखर नियोगी, पाटी मोठी आहे, रिक्षातून जातानाही वाचता येते. आणि या चोवीस वर्षांत या गावातल्या निम्म्या जबड्यांना मी विज्ञानकथा नि अद्भुतकथा ऐकवल्यात. वेगळा आकार न लावता! कारण तुम्हाला सांगतो, मी मुळात वाचक हो. दात आपले पोटापाण्यासाठी!

तुम्ही म्हणाल, असं काय वाचता? अहो, असं काय म्हणजे! लेखिका सुप्रीती राहा वाचल्यात का तुम्ही? नाही? आणि जेवण जातं तुम्हाला? त्यांच्या पुस्तकात सुंदरबनातली भुतं वनखात्यात नोकरीला असतात, बढतीसाठी अर्ज करतात, साहेबाच्या मागे कुचूकुचू बोलतात, आणि तुम्ही हसत हसत वाचत जाता आणि एकशे बाराव्या पानावर एक म्हातारं भूत निवृत्त होतं, आणि त्याला जायला घर नसतं... एका बाईंच्या दाढेत सिमेंट भरता भरता हे सांगत होतो, तर मलाच रडू फुटलं. त्या बाई घाबरल्या! त्यांना वाटलं, दाढेचं काही खरं नाही आता. नाहीतर आपले प्रोफेसर बिभास तलापात्र! पक्का शास्त्राचा माणूस. त्यांच्या कथेत कोणी प्रेमात पडलं तरी आधी खोलीचं तापमान देतात, मग हवेचा दाब, मग 'तिने मान खाली घातली'. पण मंगळावर चहा किती अंशांना उकळेल हे मला त्यांनी शिकवलं, माझ्या कॉलेजनं नाही!

पण हे दोघे एका बाजूला... आणि नभश्चर एका बाजूला. थांबा, मी जरा उभा राहतो. या माणसाचं नाव मी बसून घेत नाही.

नभश्चर हे टोपणनाव. खरं नाव कोणाला माहीत नाही, फोटो कुठे छापलेला नाही. दर वर्षी दुर्गापूजेच्या अंकात एक लांबलचक कादंबरी, 'आकाशघाट', असे पाच भाग आले. म्हणजे बघा, त्यांच्या त्या जगात गंगा समुद्राला मिळून संपतच नाही. ती तिथून वर चढते! चंद्राला वळसा घालते, ग्रहाग्रहांमधून वाहते, प्रत्येक ग्रहाला घाट, घाटाला पायऱ्या, पायऱ्यांवर भांडणाऱ्या बायका, सगळं आपल्यासारखं. आणि त्या नदीवर होडी चालवते फिंगे. पंधरा वर्षांची पोरगी, काळीसावळी, तोंडाची फटकळ, डाव्या भुवईवर लहानशी खूण. तिच्याबरोबर एक म्हातारा आंधळा तांडेल, जो पाण्याच्या आवाजावरून सांगतो की शनी आला, उतरा. पाचव्या भागाच्या शेवटी फिंगे शनीच्या कड्यांमधल्या धुक्यात एकटी जाते, कमरेला दोर बांधून. दोराचं दुसरं टोक त्या आंधळ्या तांडेलाच्या हातात. तो बसून राहतो. एक प्रहर. दोन प्रहर. आणि दोर सैल होतो.

झालं! संपलं! खाली बारीक अक्षरात 'पुढे चालू'. आणि ते पुढे चाललंच नाही हो. एक पूजा गेली, दुसरी गेली... नऊ! नऊ पूजा गेल्या! नऊ वर्षांत मला चष्मा लागला, माझी मुलगी लग्न होऊन आसनसोलला गेली, तिला मुलगा झाला, त्या मुलाचे दुधाचे दात पडायला लागले, आणि ती पोरगी तिकडे धुक्यात, आणि तो म्हातारा दोर धरून बसलेला. माणसानं जगायचं कसं?

तर हे सगळं मी पेशंटना सांगायचो. आणि पेशंटांबरोबर आणखी एक माणूस ऐकायचं, ते म्हणजे आमच्या बीणादी. बीणापाणी-दी. माझ्याकडे चौदा वर्षं आहेत, मानकुंडूहून येतात, त्रेपन्न वय, सिमेंट कालवतात, हत्यारं उकळतात, पेशंटची नावं लिहून घेतात, आणि रडणाऱ्या पोरांना नुसतं बघून गप्प करतात. पुस्तक म्हणाल तर पंचांग. त्याच्या पलीकडे नाही. मी शंभरदा म्हणालो असेन, "बीणादी, एक तरी भाग घेऊन जा घरी, वाचा!" तर म्हणतात, "मला कुठे वेळ डॉक्टरबाबू? तुम्ही वाचलंय ना? झालं तर." घ्या! वाचन म्हणजे काय बाजारातून भाजी आणणं आहे, एकानं आणली की सगळ्यांची सोय?

असो. जेठ महिन्यातली गोष्ट. दुपार, उकाडा, पंखा नुसता गरम हवा ढवळतोय, आणि दारात एक गृहस्थ. सत्तरीचे, उंच, वाळलेले, हातात छत्री, गाल धरलेला. बीणादींनी नाव लिहून घेतलं: कालीपद पाकडाशी, राहणार भद्रेश्वर, तागाच्या गिरणीत हजेरी लिहिणारे टाइमबाबू होते, आता निवृत्त. मी तोंड उघडून बघितलं. खालची डावी सहावी दाढ, आमच्या हिशोबात छत्तीस नंबर, आतून पार पोखरलेली. "रूट कॅनाल," मी म्हणालो. ते म्हणाले, "काढूनच टाका, कशाला वाचवायची? आता किती दिवस राहिलेत." मी म्हणालो, "असं दाढेसमोर बोलू नका." बसवलं, भूल दिली, बोळे घातले, काम सुरू केलं. आणि बोलायला लागलो.

आता तुम्ही म्हणाल, नेमका त्याच दिवशी तोच विषय का काढलात? अहो, मी रोजच तो विषय काढतो! मी म्हणालो, "पाकडाशीबाबू, वाचता की नाही काही? नभश्चर माहीत आहेत?" ते म्हणाले, "आँ." मी म्हणालो, "मोठा माणूस! पण एक नंबरचा आळशी! नऊ वर्षं पोरीला धुक्यात सोडलीय. मी म्हणतो, मेला असेल तर माफ आहे. पण जिवंत असून लिहीत नसेल, तर अशा माणसाला चौकात उभं करून विचारलं पाहिजे." ते म्हणाले, "आँ आँ!" मी म्हणालो, "बघा! तुम्हालाही पटतंय!" मग मी पाचही भागांचं केलं विश्लेषण. तिसरा भाग जरा पसरट झालाय, चौथ्यातलं ते बुधावरच्या बाजाराचं वर्णन निम्मं कापायला हवं होतं, आणि आंधळ्या तांडेलाला एक ठिकाणी चुकून 'त्याने पाहिले' असं लिहिलंय, पान दोनशे सहा. पेशंटचे डोळे असे मोठे झालेले! मला वाटलं, रंगलाय माणूस. मुठी आवळल्या होत्या त्यांनी. मला वाटलं, दुखतंय. थोडी भूल आणखी दिली!

पाऊण तासानं चूळ भरायला सांगितली. ते उठून बसले, अर्धं तोंड बधिर, आणि म्हणाले, "मीश... मीश तो."

मी म्हणालो, "मिशी? मिशीला काय झालं? तुम्हाला मिशीच नाही."

"मीश! मीश तो नभश्शर!"

बीणादींच्या हातातला ट्रे खाली पडला. म्हणजे माझ्या हातातून नाही, त्यांच्या हातातून. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी हसलो, म्हणालो, भुलीनं कधी कधी होतं असं, एका गृहस्थांनी मला आई म्हणून हाक मारली होती. तर त्यांनी माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि त्यांच्याच केसपेपरवर सही केली. नभश्चर. खाली एक लहानशी होडी, एका रेघेची. पाचही भागांच्या शेवटी छापलेली असते ती होडी, तीच! मी ती सही बघितली, त्या माणसाकडे बघितलं, त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून गळणारं पाणी बघितलं... आणि तुम्हाला सांगतो, मी त्या बधिर गालाला वाकून नमस्कार केला. पाय लांब होते, खुर्ची मध्ये होती, जे जवळ होतं त्याला केला! ते म्हणाले, "पान दोनशे शहा शापखान्याची शूक आहे." आणि छत्री घेऊन गेले.

पण जाणार कुठे? दाढेत तात्पुरतं सिमेंट! आठ दिवसांनी येणं भागच होतं.

आता एक गोष्ट कबूल करतो. तुमच्यापासून लपवत नाही. ते काम दोन बैठकांचं होतं. तिसरी फार तर. मी सांगितलं, पाच. का? अरे, का काय विचारता! देव स्वतः चालत घरी आलाय आणि तुम्ही त्याला दोन बैठकांत वाटेला लावाल? मी मुळात वाचक हो, दात आपले पोटापाण्यासाठी! बीणादींनी फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. रडणाऱ्या पोरांकडे बघतात तसं. मी नजर चुकवली.

दुसऱ्या बैठकीला मी तयारीत. पाचही भाग कापडात बांधून आणलेले, सह्या घेतल्या. मग बोळे घालायच्या आधी, माणूस बोलू शकतोय तोवर, सरळ विचारलं, "सहावा भाग कधी?" ते म्हणाले, "नाही आता." "म्हणजे?" "म्हणजे संपलं. मला पुढचं माहीत नाही." मी म्हणालो, "असं कसं माहीत नाही? तुमची पोरगी, तुमचा दोर!" तर ते म्हणाले, "डॉक्टरबाबू, तुम्ही दाढ बघा." आणि स्वतःहून तोंड उघडलं. म्हणजे बघा, लोक बोलणं टाळायला तोंड मिटतात, या माणसानं उघडलं!

मी आठवडाभर जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव नव्हती. मला वाटलं, बिचाऱ्याला सुचत नाहीये. अडकलाय कुठेतरी. मग मदत कोणी करायची? ज्यानं पाचही भाग नऊ नऊ वेळा वाचलेत त्यानंच ना? मी रात्र रात्र नाही, पण भर दुपारी दवाखान्याचं दार लोटून, वहीत शेवट लिहून काढले. एक नाही. सात!

आणि तिसऱ्या बैठकीला सगळे वाचून दाखवले. पेशंटच्या तोंडात रबराचा पडदा ताणलेला, चिमटे लावलेले, हलता येत नाही. अशा वेळी माणूस फार मन लावून ऐकतो. पहिला शेवट: तांडेल हाच फिंगेचा बाप. "आँ!" दुसरा: धुकं हे धुकं नसून एक प्राणी आहे, आणि त्याला फिंगे आवडते. "आँ आँ!" तिसरा: शनीचा राजपुत्र येतो आणि लग्न. चौथा: हे सगळं स्वप्न होतं, आणि फिंगे हुगळीच्या घाटावर जागी होते... इथे काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. पाकडाशीबाबूंनी स्वतःच्या हातानं पडदा ओढून काढला, चिमट्यासकट! खुर्चीतून उठले. आणि हा माणूस, तागाच्या गिरणीत चाळीस वर्षं ज्यानं कोणाला आवाज चढवून हाक मारली नसेल, तो ओरडला, "स्वप्न? स्वप्न? अरे, तिचे हात सोलून निघालेत दोरानं, आणि तुम्ही म्हणता स्वप्न? तुम्ही वाचता की दात उपटता पुस्तकांचे?"

मी म्हणालो, "अजून तीन शेवट राहिलेत."

ते गेले. छत्री विसरून गेले.

मला वाटलं, येतील. राग काय, राहतो का? चौथ्या बैठकीचा दिवस आला, अकरा वाजले, बारा वाजले. नाही आले. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन लावला, उचलला नाही. मी म्हणालो, "जाऊ दे, लेखक लोक असतातच लहरी." बीणादी हत्यारं पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "लेखकाचं मला माहीत नाही. पण त्या माणसाच्या दाढेचं सिमेंट तुम्ही त्या दिवशी भरलंच नाहीत. उघडी दाढ घेऊन गेलाय तो."

बोलता बोलता... मी विसरलो होतो. चोवीस वर्षांत असं एकदा झालेलं नाही. उघडी नस, जेठातला उकाडा, सत्तरीचं वय. पू झाला तर जबडा, जबड्यातून गळा... मी काय काय शिकलोय ते सगळं एकदम आठवायला लागलं. मी मुळात वाचक, दात पोटापाण्यासाठी, मोठ्या तोंडानं सांगत फिरतो. पण त्या दिवशी मला दोन्हीपैकी एकही जमलं नव्हतं.

बॅग भरली, बीणादींना म्हणालो चला, आणि टोटो रिक्षा करून निघालो भद्रेश्वरला. गिरणीच्या मागे गल्ली, गल्लीच्या शेवटी दोन मजली घर, वरच्या मजल्यावर ते एकटे. दार उघडलं तर... एका बाजूनं माणूस, दुसऱ्या बाजूनं कलिंगड. डोळा निम्मा झाकलेला. ताप. मला बघून म्हणाले, "अजून तीन शेवट राहिलेत ना? सांगा आणि जा." मी काही बोललो नाही. खरंच नाही बोललो! बीणादींनी त्यांना खांद्याला धरून पलंगावर बसवलं, म्हणाल्या, "भांडण दाढ बरी झाल्यावर करा. लहान आहात का? गाल फुगवून बसलेत!" मी खिडकीच्या उजेडात तोंड बघितलं, पू काढून दिला, धुतलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. अर्धा तास लागला. अर्धा तास मी एक शब्द बोललो नाही. शेवटी म्हणालो, "चूक माझी आहे. आणि आणखी एक, पाच बैठका लागणारच नव्हत्या. मी वाढवल्या." त्यांनी उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "माहीत आहे. माझा भाचा दातांचा डॉक्टर आहे, सिलिगुडीला."

माहीत होतं! आणि तरी येत होते! मी विचारणार होतो का म्हणून, तेवढ्यात बीणादींचा आवाज आला.

त्या भिंतीपाशी उभ्या होत्या. भिंतीवर एक चित्र, शाईचं, कागद पिवळा पडलेला. होडीच्या टोकावर एक पोरगी उभी, पदर खोचलेला, पाठीमागे चंद्र. बीणादी म्हणाल्या, "ही फिंगे."

पाकडाशीबाबू म्हणाले, "तुम्ही वाचलंय?"

"छे. मला कुठे वेळ? हे सांगतात ना दिवसभर." मग आणखी जवळ गेल्या. "भुवईवर खूण आहे. डाव्या. बरोबर." आणि वळल्या, आणि माशाचा भाव विचारावा इतक्या सरळपणे विचारलं, "मग? दोर सैल झाला. मग काय झालं?"

तुम्हाला सांगतो, नऊ वर्षं मी या प्रश्नाभोवती फिरतोय. मी सिद्धांत मांडले, सात शेवट लिहिले, चौकात उभं करायच्या गोष्टी केल्या. पण हा प्रश्न, असा, मी एकदाही विचारला नव्हता हो! मी विचारायचो 'कधी'. मी सांगायचो 'असं करा'. 'मग काय झालं' हे नाहीच!

पाकडाशीबाबूंनी त्या चित्राकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

मी तोंड उघडलं. बीणादींनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

"मला कशाला काय वाटायला हवं?" बीणादी म्हणाल्या. "मला माहीत असतं तर तुम्हाला विचारलं असतं का? तुम्ही सांगायचं. मी ऐकतेय." आणि वेताचा मोडा ओढून बसल्या खाली. म्हणजे निघायची घाई नाही, असं.

तेव्हा मग त्या सुजलेल्या तोंडातून हळूहळू बाहेर आलं. ते चित्र सुधन्यनं काढलेलं. सुधन्य पाल, त्यांचा शाळेपासूनचा मित्र, जगद्धात्रीच्या पूजेला रोषणाईच्या चौकटी बनवायचा, दिव्यांचे मोर, दिव्यांच्या आगगाड्या. रोज संध्याकाळी काम उरकून यायचा, याच मोड्यावर बसायचा, बिडी पेटवायचा आणि म्हणायचा, "मग?" बस, एवढंच. पाकडाशीबाबू त्याला सांगायचे, सांगता सांगता त्यांनाच कळायचं पुढे काय, आणि तो गेला की कागदावर उतरवायचे. पाच भाग असेच झाले. पाचवा छापून आला, आणि कार्तिकात, चौकट चढवताना, सुधन्य बांबूवरून पडला. म्हणाले, "दोर सैल झाला ते मी त्याला शेवटचं सांगितलं होतं. तो म्हणाला, आता रोषणाईची कामं आहेत, पुढचं ती उरकल्यावर सांग. ती उरकायच्या आधीच तो गेला. मग मी कोणाला सांगू? कागदाला? कागद विचारत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे येत होतो ते का, सांगू? नऊ वर्षांत त्या पोरीचं नाव दुसऱ्याच्या तोंडून मोठ्यानं ऐकलं नव्हतं. तुम्ही मूर्खासारखं बोलत होता. पण तिच्याबद्दल बोलत होता."

मी चष्मा काढून पुसला. घाम होता. जेठ महिना होता, सांगितलं ना.

बीणादी म्हणाल्या, "वाईट झालं. फार वाईट झालं." दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. "आणि तो म्हातारा? त्याच्या हातात अजून दोर आहे ना? मग?"

आणि पाकडाशीबाबूंनी खिडकीबाहेर बघितलं, गिरणीच्या चिमणीकडे, आणि बधिर नसतानाही बोबडं बोलत म्हणाले, "दोर सैल झाला... कारण..."

आणि सांगितलं! तिथे! त्या क्षणी! सुजलेल्या गालानं! एक तास! मी बॅगेवर बसून ऐकलं. बीणादी मध्ये मध्ये म्हणायच्या, "मग?" एवढंच. माझे सात शेवट... अहो, माझे सात शेवट म्हणजे त्याच्यापुढे... जाऊ द्या. घरी येऊन मी ती वही कपाटाच्या वर टाकली, मागच्या बाजूला, जिथे हात पोचत नाही.

दाढ मग एका बैठकीत पुरी केली. कडक काम! चाळीस वर्षं हलणार नाही. आणि तेव्हापासून दर रविवारी, दवाखाना बंद असतो तेव्हा, पाकडाशीबाबू येतात, सोबत जलभरा संदेश मिठाईचा पुडा, माझ्या देखत, दातांच्या दवाखान्यात! बाकावर बसतात, बीणादी समोर, आणि लिहिलेलं वाचून दाखवतात. चौदा वर्षं माझं बोलणं ऐकून हूं की चूं न केलेली बाई म्हणते काय, तर "ते बुधावरच्या बाजाराचं परत येऊ दे की, किती छान होतं ते!" आणि ते म्हणतात, "आणतो, आणतो." मी म्हणालो होतो निम्मं कापा! माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. मी संदेश खातो. जळतो का मी? हो, जळतो. आजही म्हणतो, मी मुळात वाचक हो, दात आपले पोटापाण्यासाठी. पण आता म्हणताना आवाज जरा बारीक निघतो.

तर पूजेच्या अंकात येतोय. सहावा भाग. संपूर्ण! संपादकांनी जाहिरात दिली, गावात बोंब झाली, आणि आता माझ्या दवाखान्यात बत्तीस दात धड असलेली माणसंसुद्धा येऊन बसतात. खुर्चीत बसतात, बोळे घालायच्या आधी घाईघाईनं विचारतात, "डॉक्टरबाबू, दोर का सैल झाला? फिंगे जिवंत आहे ना? नुसती मान हलवा!" आणि मला माहीत आहे हो! संपादक सोडले तर सगळ्या बंगालात तीन माणसांना माहीत आहे, त्यातला एक मी! बाराव्या प्रकरणात काय होतं माहीत आहे! तांडेल ज्या क्षणी दोर... नाही. नाही नाही. पाकडाशीबाबूंनी काही अट घातलेली नाही, ते मोठ्या मनाचे आहेत. बीणादींनी घातलीय. माझ्या नातवाची शपथ घालून! आणि आत बसून सिमेंट कालवताना त्यांचा कान इकडे असतो, माझा आवाज जरा चढला की त्यांची पळी थांबते... आता थांबलीय, ऐकलंत?

महालयेला, म्हणजे अंक निघायला, अजून एकेचाळीस दिवस आहेत. आणि मी बघा, सकाळी उठतो, दात घासतो, आणि तोंड मिटून बसतो.